हवा काढायला दोन माणसं

दिवाळीच्या आगेमागे पाऊस एकदाचा उघडतो, रानाला वापसा येऊन माती कामाजोगी होते आणि आमच्या भागातल्या सगळ्यांना एकाच दिवशी ऊस लावायचा असतो. चार महिने ज्यांना माझी आठवण झालेली नसते ती माणसं सकाळी सहाला फोन करून विचारतात, "रोपं तयार हाईत न्हवं? मग उद्याच टाका की." मी म्हणतो, टाकतो. रोपं तयार असतात, मीही तयार असतो. तयार नसते ती गाडी.

कोडोलीच्या खालच्या अंगाला ओढ्याकाठी माझी उसाच्या रोपांची नर्सरी आहे. उसाच्या कांडीचा एकेक डोळा काढून तो कोकोपीट भरलेल्या ट्रेमध्ये लावायचा, महिनाभर पाणी घालायचं आणि वीतभर रोप झालं की शेतकऱ्याच्या बांधावर नेऊन द्यायचं, असा धंदा. नेऊन द्यायला एक डिझेल पिकअप आहे. माझ्याकडं आली तेव्हाच ती सात वर्षांची होती, आता अठराची आहे. लोक विचारतात, नवी का घेत नाहीस? मी सांगतो, नव्या गाडीला काय होतंय ते लॅपटॉप जोडल्याशिवाय कळत नाही. ही निदान खोकून सांगते. लोक हसतात आणि जातात. खरं कारण वेगळं आहे, पण ते सकाळी सहाला फोनवर सांगण्यासारखं नाही.

पावसाळाभर गाडी पत्र्याच्या शेडात उभी असते. हंगामाच्या तोंडावर पहिल्यांदा बॉनेट उघडायचं म्हणजे गावाला गेलेल्या माणसाच्या घराचं कुलूप काढण्यासारखं असतं, आत काय निघेल सांगता येत नाही. यंदा एअर फिल्टरच्या डब्यात उंदरानं संसार मांडला होता. कोकोपीट, खताच्या पोत्याचे धागे आणि माझ्याच जुन्या बनियनची चिंधी, अशी मऊ गादी केली होती. बॅटरीच्या टोकांवर हिरवट पांढरा थर चढला होता. त्यावर कढत पाणी ओतलं की तो फसफसून निघतो आणि नाकाला झोंबणारा वास येतो. मग ग्रीस, मग पट्टा, मग चाकात हवा, मग चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेल. ही सगळी कामं एकट्यानं होतात आणि मला ती आवडतात. सकाळपासून दुपारपर्यंत मी एक शब्द बोललेला नसतो, हे दुपारी जेवताना लक्षात येतं.

पण एक काम एकट्यानं होत नाही. डिझेलच्या गाडीला टाकीपासून इंजिनापर्यंत डिझेलची सलग धार लागते. मध्ये कुठं हवा शिरली तर ती नुसती घुरघुरते, चालू होत नाही. गाडीनं हवा घेतली, असं आम्ही म्हणतो. महिनोन्महिने उभी राहिली की ती हवा घेते, फिल्टर बदलला की घेते, आणि आता म्हातारपणी मनात आलं की घेते. मग ती हवा काढायची. फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा हातपंप अंगठा दुखेपर्यंत दाबायचा, इंजेक्टरच्या नळीचा नट सतरा नंबरच्या पान्यानं जरासा सैल करायचा, आणि त्याच वेळी केबिनमध्ये बसलेल्या माणसानं चावी मारायची. इंजिन फिरायला लागलं की सैल नटाखालून आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग स्वच्छ डिझेल. डिझेल स्वच्छ आलं की नट आवळायचा. एक हात नटावर आणि एक हात चावीवर, आणि दोन्हींच्या मधे अख्खं उघडं बॉनेट. त्यामुळं हवा काढायला दोन माणसं लागतात.

आमच्याकडं चावीवरचा हात आक्काचा होता.

आक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. भावोजी लवकर गेले, मूलबाळ नव्हतं, ती माहेरी परत आली. माझं लग्न ठरता ठरता राहिलं ते राहिलंच. आई गेलेली, वडील, म्हणजे आमचे दादा, खाटेवर. घर आणि नर्सरी आम्ही दोघांनी चालवली. मी डोळे काढायचो, ती ट्रे भरायची. मी गाडी चालवायचो, ती शेजारी बसायची. अंगानं ती एवढीशी. सीटवर बसली की तिला काचेतून आभाळच दिसायचं, म्हणून मी तिच्या सीटवर लाकडी फळी बसवली आणि वर जुन्या गादीचा तुकडा घातला. त्या दिवसापासून ती जागा तिची झाली. दुसरं कुणी बसलं तर त्याचं डोकं टपाला लागायचं.

पहिल्यांदा हवा काढायची वेळ आली तेव्हा बॉनेटच्या अलीकडून मी "मार, मार, आता थांब, थांब की" असं ओढ्यापलीकडं ऐकू जाईल एवढं ओरडलो. आक्का शांतपणे खाली उतरली, बॉनेटला वळसा घालून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"वरडतोस कशाला? त्या म्हशी बुजल्या बघ. पत्र्यावर येक थाप मार, मी चावी मारती. दोन थापा मार, सोडती."

झालं. पुढं सात हंगाम आमचं त्या थापांवर चाललं.

त्या सातांतला मला राहून राहून आठवतो तो पहिला हंगाम. जुनी गाडी नुकतीच घेतली होती. आधी ती दुधाच्या कॅनची वाहतूक करायची, त्यामुळं मागच्या हौद्यात ऊन पडलं की आंबट वास सुटायचा. आक्कानं तो राखेनं घासला, शेणानं सारवायचं तेवढं बाकी ठेवलं. मग प्रश्न आला ट्रेचा. एकावर एक ट्रे ठेवले तर खालची रोपं मोडणार आणि एकच थर लावला तर दिवसभर खेपाच मारत बसावं लागणार. हौद्यावर तीन मजल्यांचा लोखंडी सांगाडा बसवायचा ठरवलं आणि आम्ही दोघं कोल्हापुरात उद्यमनगरला इलाहीभाईंकडं गेलो. इलाहीभाई वेल्डिंगही करतात आणि इंजिनाचंही बघतात. त्यांच्या बापाचं तिथंच लेथ होतं. बाजारात मिळत नाही ती वस्तू करून द्यायची, ही त्या गल्लीची जुनी खोड. इलाहीभाईंनी आमचा ट्रे घेतला, टेपनं उंची मोजली, भिंतीवर खडूनं आकडा लिहिला आणि अँगल कापायला घेतला.

"थांबा," आक्का म्हणाली.

इलाहीभाईंनी चष्मा वर केला.

"तुमी ट्रे मोजला. रोप कुठं मोजलं? ट्रे हाय तेवढाच ऱ्हातोय, रोप वाढतंय की."

इलाहीभाईंनी खडूचा आकडा बोटानं पुसला. "बाईसाब, तुमीच सांगा मग."

तिनं हाताचं कोपर ट्रेवर टेकवलं आणि मनगटापर्यंत दाखवलं. तेवढी जागा प्रत्येक मजल्याला सोडली. आजही त्या सांगाड्यात रोप घासत नाही, एक पान मोडत नाही. बाजूंनी शेडनेट बांधायची कल्पनाही तिचीच. वाऱ्यानं रोपं झोडपली जातात हे मला पहिल्या खेपेत कळलं नव्हतं, तिला आरशात बघून कळलं. मागं एकेक पाटा वाढवून घेतला तो मात्र माझ्या अकलेनं. त्यानं गाडी रिकामी असताना अशी आदळायची की आक्का म्हणायची, "तुझ्या अकलंनं माझं कंबरडं मोडलं बघ."

त्या हंगामात आम्ही किती गावं फिरलो. सकाळी हीटर लावून दहापर्यंत मोजायचं, मग चावी. धूर काढत गाडी चालू व्हायची आणि आक्का पदर नाकाला लावायची. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुकत्या सोडलेल्या सऱ्या, ओल्या मातीचा वास, कुठं गुऱ्हाळाच्या काहिलीवर उकळणाऱ्या रसाचा वास, कुठं जळणाऱ्या पाचटाचा. हातकणंगल्याच्या अलीकडं रेल्वेच्या फाटकात अडकलो की ती कनवटीच्या पुरचुंडीतून शेंगा काढायची. फोलपटं खाली टाकली तर मला शिव्या. रानं बघून ती माणसं ओळखायची. सरीत पाणी तुंबलेलं दिसलं की म्हणायची, "ह्यो माणूस हावरा." बांध घासूनपुसून ठेवलेला दिसला की, "ह्याची बायको शानी हाय." मी म्हणायचो, बायकोच कशावरून, तो स्वतः शहाणा असेल. ती माझ्याकडं नुसती बघायची.

एकदा चढावर, भर बाराच्या उन्हात, तिन्ही मजले भरलेले असताना गाडीनं हवा घेतली. रोपांना ऊन लागायला लागलं. शेतकरी बांधावरून हाका मारतोय, तीनचार माणसं येऊन उभी राहिली. उन्हाला माना टाकायला लागलेली रोपं बघत मी पाना काढला. आक्का तिच्या जागेवरून सरकून चावीपाशी आली. बघणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "आता बाई चावी मारणार व्हय?" आक्का खिडकीतून तोंड काढून म्हणाली, "चावीला काय मिश्या लागत्यात पावणं?" माणसं हसली. मी एक थाप मारली, फेस आला, बुडबुडे आले, स्वच्छ डिझेल आलं, दोन थापा मारल्या. दहा मिनिटांत आम्ही चढ चढलो. त्या दिवशी मला वाटलं होतं, ही गाडी आणि ही बहीण असेपर्यंत आपलं काही बिघडत नाही. बिघडवणारा मीच निघालो.

दादा गेले. दिवस झाले, आणि महिन्याभरानं चुलते घरी आले. सातबाऱ्यावर वारस म्हणून आम्हा दोघांची नावं लागणार होती. मला तेव्हा नर्सरीसाठी मोठ्या शेडनेटच्या अनुदानाचा अर्ज करायचा होता. चुलते म्हणाले, "आता आक्काची हक्कसोड करून घे. येका नावावर असल्यालं बरं. समद्यांच्या घरात करत्यात, रीतच हाय." बहिणीनं माहेरच्या जमिनीवरचा हक्क कागदावर सोडायचा आणि भावानं तिला साडीचोळी करायची, ही आमच्याकडची रीत खरीच. आमच्या आत्यांनी सोडला होता, आईनं तिच्या भावांसाठी सोडला होता. मला त्यात वावगं काही दिसलं नाही. खोटं कशाला बोलू, मी त्यावर पाच मिनिटंसुद्धा विचार केला नाही. गाडीच्या एका नटाचा मी त्याहून जास्त विचार करतो.

आक्का ट्रे भरत होती. मी उभ्या उभ्या म्हणालो, "आक्का, येक सही लागंल. हक्कसोडीची."

तिचा हात कोकोपीटमध्ये तसाच राहिला. मग तिनं विचारलं, "कवा जायाचं?"

बाकी काही विचारलं नाही. दोन साक्षीदार लागतात म्हणून चुलते आणि शेजारचे एक गृहस्थ घेतले आणि आम्ही चौघं पिकअपमधून निबंधकाच्या कचेरीत गेलो. तिथं तिनं कॅमेऱ्यासमोर पदर सारखा केला, मशीनवर अंगठा ठेवला आणि चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सावकाश सही केली. येताना मी तिला भारीतली साडी घेतली. घरी उतरलो तेव्हा ती तिच्या हातात तशीच होती, उघडलेलीसुद्धा नव्हती. चारच दिवसांनी म्हणाली, "तिकडं घर पडाय आलंय म्हनत्यात. बघून येती." तिकडं म्हणजे राधानगरीच्या वाटेवरचं तिचं सासरचं गाव, भावोजींच्या वाटणीच्या दोन खोल्या तिथं पडून होत्या. एक पिशवी घेऊन एस.टी.नं गेली. साडी कपाटात तशीच घडी घातलेली होती. ती परत आली नाही. तिथं तिनं छप्पर नीट करून घेतलं, दोन म्हशी बांधल्या, डेअरीला दूध घालायला लागली.

मला ना बायको, ना पोर. जमीन एकट्याच्या नावावर करून घेऊन मी ती कुणासाठी ठेवणार होतो? हा प्रश्न मला पडला, पण ती गेल्यावर पडला. घरात तेव्हा मी एकटाच होतो, त्यामुळं उत्तर द्यायलाही कुणी नव्हतं.

त्यानंतरचे चार हंगाम मी कसे काढले ते मला विचारू नका. विचारलंच तर सांगतो. हवा काढायची झाली की रस्त्यावरनं जाणाऱ्याला हाक मारायची. एक जण चावी मारायचा ती सोडायचाच नाही, सेल्फ जळायची वेळ यायची. दुसरा एका हातानं चावी आणि दुसऱ्या हातानं मोबाइल धरायचा. एकाला मी आपल्या दोन थापांचं गणित समजावून सांगितलं, त्यानं गंभीरपणे मान हलवली आणि पहिल्याच थापेला घाबरून गाडीतून उतरला. कुणीच नसलं की मी स्वतः चावी मारून पळत पुढं यायचो, तोवर इंजिन थांबलेलं असायचं. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. पन्नाशीच्या माणसाला आपल्याच गाडीभोवती असं धावताना कुणी बघितलं असतं तर त्यानं मला वेड्यात काढलं असतं. बघायलाही कुणी नसायचं.

आणि संध्याकाळी भाकरी थापताना, हो, मला भाकरी येते, चांगली फुगतेसुद्धा, माझ्या लक्षात यायचं की मी दोन माणसांच्या केल्यात. पहिल्या वर्षी हे रोज व्हायचं. आता होत नाही. आता मी बरोबर एका माणसाच्या करतो, आणि ते मला जास्त लागतं.

आक्काला मी बोलावलं नाही असं नाही. तीन वेळा निरोप धाडला. तिच्या गावाकडं जाणारा कुणी भेटला की सांगायचो, "आक्काला म्हणावं हंगामाला ये, हात कमी पडतोय." दोनदा काही उत्तर आलं नाही. तिसऱ्यांदा आलं. निरोप आणणाऱ्या माणसानं चाचरत सांगितलं, "त्या म्हनल्या, हात पायजे असंल तर गडी बघ म्हनावं." मला राग आला. बहीण असून असं बोलते, म्हणून मी आठवडाभर धुसफुसत होतो. त्या बाजूच्या गावांतून रोपांची मागणी आली तर मी गाडीचं काम निघालंय म्हणून टाळायला लागलो. आपण कुठं चुकलो हे माणसाला कळत असतं, पण ते दुसऱ्यानं न बोलता दाखवलं की पचत नाही.

यंदा फिल्टर बदलला आणि तीन दिवस गाडी चालू झाली नाही. शेवटी ओढून उद्यमनगरला नेली. इलाहीभाईंची दाढी आता पांढरी झाली आहे. त्यांनी नळ्या बघितल्या, एक वायसर बदलला आणि पाना उचलून मला म्हणाले, "चावी कोण मारणार?"

"मीच मारतो की आत्ता."

"आत्ता मारशीला. रानात कोण मारतंय?"

त्यांनी सांगाड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आक्काचं त्यांनी विचारलं नाही. एवढं मोठ्या मनाचं माणूस मला त्या महिन्यात दुसरं भेटलं नाही. नुसतं म्हणाले, "बॉनेटखाली बटण टाकतो. चावी आतून चालू करून ठिवायची, हितं उभं ऱ्हाऊन बटण दाबायचं. येका हातात पाना, दुसऱ्या हातानं बटण. पर येक ध्यानात ठिवा. गिअर न्यूट्रलला हाय का बघितल्याबिगार दाबू नगा. आत थांबवायला कोण न्हाय."

अर्ध्या तासाचं काम. सेल्फपासून दोन वायरी काढल्या, बॅटरीशेजारी पत्र्याची पट्टी वेल्ड केली आणि तिच्यावर लाल बटण बसवलं. दुसऱ्या दिवशी घरी मी मुद्दाम नट सैल केला. गिअर बघितला. बटण दाबलं. इंजिन फिरलं, फेस आला, बुडबुडे आले, स्वच्छ डिझेल आलं, मी बटण सोडलं आणि नट आवळला. पुन्हा दाबलं, गाडी चालू झाली. एका माणसात. इतकं सोपं काम चार वर्षांपूर्वी सुचायला हवं होतं, असं मनात आलं आणि मग कळलं की ते सुचू द्यायचं नव्हतं म्हणूनच सुचलं नव्हतं. जोवर बटण नव्हतं, तोवर या गाडीला दोन माणसं लागत होती. म्हणजे आक्का येणार होती. मी गाडीपाशी उभा होतो, ती झकास चालली होती, आणि मला ढसढसा रडू आलं. तोंडावर डिझेलचे हात फिरले, डोळे चुरचुरले.

रडून झाल्यावर डोकं जरा जागेवर आलं. मी तिला तीन निरोप धाडले होते, आणि तिन्हींत हात मागितला होता. सही मागितली होती तसाच. आता हात लागत नव्हता. आता तिच्याकडं जायचं तर कामाचं निमित्त उरलं नव्हतं, मोकळ्या तोंडानं जायला लागणार होतं. मी दोन दिवस तेही टाळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून निघालो. हौदा रिकामा होता, त्यामुळं गाडी राधानगरीच्या रस्त्यावर आदळत होती.

आक्का गोठ्यात होती. केस पांढरे झालेत, आणखी लहान दिसायला लागली आहे. मला बघून तिनं शेणाचे हात बादलीत बुडवले आणि म्हणाली, "या पावणं. बसा."

सख्ख्या बहिणीनं पावणं म्हणावं. मी बसलो नाही.

ती हात पुसत पुढं आली, गाडीकडं बघितलं. "चावी मारायला मानूस गावंना व्हय?"

"चावीला मानूस लागत न्हाय आता. बटण बसवलंय."

"बरं केलंस." ती वळली. मग थांबली. "मग कशाला आलास?"

येताना सगळ्या वाटेनं मी वाक्यं जुळवली होती. जमीन पुन्हा तुझ्या नावावर करतो, कागद करू, उद्याच करू. त्यातलं एक तोंडात येईना. मी म्हणालो, "आक्का, चुकलं माझं. तुज्याबिगार मला करमत न्हाय." मग सवयीनं पुढं बोलून गेलो, "जमीन तुज्या नावावर परत करतो. कागुद करू."

आणि ती फुटली.

"कागुद? परत कागुदच आनलास? जमीन कुनाला पायजे होती रं? सहीसुद्दा जाऊ दे, सही केली मी, येका शब्दानं इचारलं का तुला? त्या दिवशी साक्षीदार फुडं बसवलंस आनि मला मागं हौद्यात बसवलंस! माज्या जाग्यावर चुलता बसला. डोकं लागतंय म्हनून तू ती माजी फळी काढून मागं टाकलीस, माज्याच फुडं! सांगाड्याला धरून गेली मी कचेरीत, तितनं परत आली. साडी मांडीवर घिऊन. येकदा मागं वळून बघितलं न्हाईस."

मला आठवतच नव्हतं. मी तिथं उभा राहून आठवायला लागलो आणि तेव्हा कुठं आठवलं: पाहुण्या माणसांना मागं कसं बसवायचं, म्हणून मी फळी उचलली होती, आक्का काय घरचीच, असं म्हणालोही होतो. चार वर्षं मी कागदाचा विचार करत होतो आणि तो कागद नव्हताच.

ती थांबली नाही. शेजारच्या बायका दारात आल्या, एक म्हातारा काठी टेकत येऊन उभा राहिला, पण आक्काला कशाचं भान नव्हतं. दादांच्या आजारपणात मी कुठल्या रात्री झोपलो होतो इथपासून तिच्या निरोपावर मी धुसफुसलो असणार इथपर्यंत तिनं सगळं काढलं. पहिल्या हंगामापासूनचं काढलं. वाढवलेल्या पाट्याचंही काढलं. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि मला, काय सांगू, बरं वाटत होतं. चार वर्षांत माझ्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ओरडायला माणूस आपलं लागतं.

दूध घालायची वेळ टळली, म्हशी हंबरायला लागल्या. शेवटी तिचा आवाज बसला. ती उंबऱ्यावर टेकली आणि पदरानं तोंड पुसलं. शेजारणी एकेक करून आत गेल्या. मी खिशातून चावी काढली. मग म्हणालो, "आक्का, निघू मी?"

ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "जा. पर माजं संपलं न्हाय अजून. उद्या ये."